बास्केटबॉलमध्ये करिअर करायचंय? पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीनं

शनिवारी सकाळी प्रॅक्टिस संपली की जाळीबाहेर उभ्या असलेल्या पालकांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, यात पुढे काही आहे का?" प्रश्न रास्त आहे. दहावीच्या वर्षी रोज दोन तास कोर्टवर घालवायचे तर घरात याचं उत्तर असायलाच हवं. मी शाळेच्या संघापासून विद्यापीठापर्यंत खेळले, मग क्रीडा कोट्यातून नोकरी लागली, बारा वर्षं खात्याच्या संघातून खेळले आणि आता मुलींना शिकवते. माझ्या वेळी हे सगळं एका जागी सांगणारं कुणी नव्हतं. तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, आणि एक गोष्ट उशिरा कळली म्हणून माझी एक नॅशनल हुकली. ते चौथ्या पायरीत सांगते.

१. हे करिअर प्रत्यक्षात कसं असतं ते आधी समजून घ्या

मुलांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेची एनबीए लीग असते. असू दे, त्या वेडानंच मूल पहाटे पाचला उठतं. पण पालकांनी आकडा लक्षात ठेवावा: एनबीएत ३० संघ, प्रत्येक संघात १५ नियमित करार, म्हणजे सगळ्या जगातून ४५० जागा. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सनं ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमानं निवडतात त्या वार्षिक निवडीत) ५२व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. तरी एनबीएच्या मुख्य सामन्यात उतरायची संधी त्याला मिळाली नाही, तो त्यांच्या खालच्या लीगमध्ये खेळला. अमज्योत सिंग जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेच्या जी लीगमध्ये (हीच ती एनबीएच्या खालची लीग) खेळला. विशेष भृगुवंशीला २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अॅडलेड संघानं करारबद्ध केलं. ही नावं मुलांना जरूर सांगा. पण अशी नावं हाताच्या बोटांवर मोजता येतात, हेही सांगा.

भारतात वर्षभर चालणारी आणि पोट भरेल इतका पगार देणारी लीग अजून रुजलेली नाही. २०१५ मध्ये यूबीए लीग सुरू झाली, तिच्यात 'पुणे पेशवाज' नावाचा आपला संघही होता. ती २०१७ नंतर थांबली. २०२२ पासून भारतीय बास्केटबॉल महासंघाची आयएनबीएल आहे. लीगचे पैसे मिळाले तर चांगलंच, पण त्यावर घर चालत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक व्यावसायिक खेळाडूंचं घर चालतं ते नोकरीवर. रेल्वे, ओएनजीसी, सेनादल, हवाई दल, आयकर, इंडियन ओव्हरसीज बँक, केरळचं वीज मंडळ अशांचे संघ असतात. नोकरी कायमची, पगार दरमहा, आणि खेळायला ड्युटीतून सवलत. वर्षभर स्पर्धा, शिबिरं, राष्ट्रीय संघाचे कॅम्प. तिशी-पस्तिशीत खेळणं थांबलं की तीच नोकरी पुढे चालू राहते. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघातून खेळली, संघाची कर्णधारही झाली. म्हणजे वाट पुण्यातून निघते. ती लांब आहे, आणि अर्धी वाट कागदपत्रांची आहे.

२. कोर्ट आणि कोच

सुरुवात दहा-बाराव्या वर्षी झाली तर उत्तम. चौदाव्या वर्षी सुरू करूनही चांगले खेळणारे मी पाहिलेत, विशेषतः उंच मुलं. पुण्यात क्लब, जिमखाने, शाळा-कॉलेजांची मैदानं असे पर्याय आहेत. डेक्कन जिमखान्यासारखी जुनी ठिकाणं आहेत, बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल असंच कोर्ट निवडा. सिंहगड रोडवरून बालेवाडीला रोज संध्याकाळी जायचं म्हटलं तर तिसऱ्या महिन्यात मूल थकतं आणि पालक आधी थकतात.

कोच निवडताना फी विचारायच्या आधी एक संपूर्ण प्रॅक्टिस बाहेर उभं राहून बघा. पहिल्या वीस मिनिटांत मुलं काय करतात? थेट दोन संघ पाडून मॅच लावली असेल तर मी तिथे मूल घालणार नाही. फूटवर्क, पिव्होट (एक पाय रोवून वळणं), दोन्ही हातांनी ड्रिबल, डाव्या हाताचा लेअप (रिंगजवळ येऊन टाकायचा शॉट), चेस्ट पास, डिफेन्सचा स्टान्स हे महिनोन्महिने घोटून घ्यावं लागतं. माझ्या कोच सरांनी मला पहिले तीन आठवडे बास्केटवर बॉल टाकू दिला नव्हता. नुसतं थांबायचं: धावत यायचं, दोन पावलांत थांबायचं, गुडघे वाकलेले, पाठ सरळ. तेव्हा रडू यायचं. पुढे माझ्या वयाच्या मुलींचे गुडघे गेले, माझे टिकले, ते त्या तीन आठवड्यांमुळे असं मला आजही वाटतं.

पावसाळ्याचं आधीच विचारा. पुण्यातली बरीच कोर्ट उघडी आहेत, सिमेंटची. जून ते सप्टेंबर बंद ठेवतात का, की शेड आहे? आमच्याकडे मुली सकाळी सहाला गोणपाट आणि वायपर घेऊन येतात, रिंगच्या खालचं पाणी ओढतात, मग तिथेच अर्ध्या कोर्टवर शूटिंग. ओल्या सिमेंटवर धावायचं मात्र नाही. त्या दिवशी बॉल हँडलिंग, दोरीउड्या, पोटाचे व्यायाम. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यातच सुरू होतात, त्यामुळे हे चार महिने वाया घालवून चालत नाही.

३. सामान

फार काही लागत नाही. बॉल तीन मापांत येतो: लहान मुलांना ५ नंबर, मुली आणि महिलांना ६, मोठ्या मुलांना आणि पुरुषांना ७. सिमेंटच्या कोर्टसाठी रबराचा बॉल घ्या, चामड्याचा महिन्यात सोलवटतो. बुटांत मात्र कंजूषी नको. धावण्याचे बूट चालणार नाहीत, त्यांचा तळ आडव्या हालचालीसाठी नसतो आणि घोटा मुरगळतो. बास्केटबॉलचेच घ्या, दुपारनंतर घ्या (पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात) आणि जाड मोजे घालून मापून बघा. तळाची नक्षी झिजली की बूट बदलायचे, वरून कितीही नवे दिसले तरी.

४. कागदांची फाईल: हे आजच सुरू करा

माझा जन्म आजोळी, गावी झाला. नोंद करायची राहिली, ती झाली मी चार वर्षांची असताना. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सोळा वर्षांखालील गटात राज्याच्या संघात माझी निवड झाली, कॅम्प झाला, किट मिळालं. निघायच्या चार दिवस आधी कागद तपासताना टेबलामागच्या गृहस्थांनी जन्मदाखल्यावरच्या नोंदणीच्या तारखेवर बोट ठेवलं. जन्माची तारीख बरोबर होती, पण नोंद उशिराची होती, आणि ती चालणार नाही असं ते म्हणाले. बाबा गावी जाऊन दवाखान्याचं रजिस्टर शोधून आले, तोवर गाडी निघून गेली होती. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. ते किट आईनं बरीच वर्षं कपाटात ठेवलं होतं.

वय चोरणं हा भारतातल्या सगळ्याच खेळांतला जुना रोग आहे, त्यामुळे तपासणी कडक असते. शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. प्रामाणिक मुलांनाही याचा फटका बसतो, म्हणून कागद आधीच चोख हवेत. फाईलमध्ये हे ठेवा:

- जन्मदाखला. जन्माची आणि नोंदणीची तारीख दोन्ही बघा. नोंद उशिराची असेल तर दवाखान्याची नोंद, शाळेच्या पहिल्या प्रवेशाचा उतारा असा जोड-पुरावा आत्ताच गोळा करा.
- आधार कार्ड, आणि चौदा-पंधरा वर्षांपर्यंत पासपोर्ट.
- शाळेचं बोनाफाइड (दर वर्षी नवं) आणि सगळ्या गुणपत्रिका.
- अधिवास प्रमाणपत्र.
- प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र, अगदी तालुक्याचंसुद्धा. लॅमिनेट करू नका, पडताळणीत शिक्का आणि सही नीट दिसावी लागते.
- स्पर्धेचं पत्रक, संघाची यादी, निकाल, असेल तर वर्तमानपत्रातलं कात्रण.
- पासपोर्ट साइझ फोटोंच्या दहा-बारा प्रती.

यातला सगळ्यात मोठा सापळा नावाचा आहे. जन्मदाखल्यावर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, शाळेत आडनाव आधी, आधारवर मधलं नावच नाही, आणि प्रमाणपत्रावर कुणीतरी घाईत लिहिलेलं स्पेलिंग. दहा वर्षांनी नोकरीच्या टेबलावर ही चार माणसं वेगळी धरली जातात. बक्षीस समारंभात प्रमाणपत्र हातात पडलं की फोटो काढण्याआधी नाव वाचा. चूक असेल तर तिथेच, सचिव मैदानावर असतानाच, दुरुस्त करून घ्या. दुसऱ्या दिवशी ते काम सहा महिन्यांचं होतं.

५. स्पर्धांच्या दोन वाटा

पहिली वाट शाळेची: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. पुणे महापालिका क्षेत्र, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण जिल्हा वेगळे धरले जातात. तिथून विभाग (आपल्या राज्यात आठ आहेत), मग राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. शाळेनं वेळेत ऑनलाइन नोंदणी केली तरच हे घडतं, त्यामुळे जूनमध्येच क्रीडाशिक्षकांना भेटा. विभागाला तुमचा संघ हरला तरी लगेच बॅगा भरू नका. निवड चाचणीसाठी हरलेल्या संघांतल्या मोजक्या खेळाडूंनाही निवडतात, आणि मुलं पुण्याची गाडी पकडून निघून गेलेली मी पाहिलीत.

दुसरी वाट संघटनेची: जिल्हा संघटना, राज्य संघटना, महासंघ. गट सगळ्यात लहान सब-ज्युनिअर, मग १६ आणि १८ वर्षांखालील, आणि मग वरिष्ठ. इथे क्लबमार्फत जिल्ह्याकडे नोंदणी लागते. दोन्ही वाटांवर एकाच वेळी चाला. शाळेच्या वाटेनं दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात (स्तराप्रमाणे, जास्तीत जास्त २५, अर्ज शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे, मुदत चुकवू नका), आणि संघटनेच्या वाटेनं भारताच्या संघाचे दरवाजे उघडतात.

आता निवड चाचणीबद्दल, कारण इथे मुलं सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात चुकीची तयारी करून येतात. साठ-सत्तर मुली, एक कोर्ट, दोन-तीन निवड सदस्य. प्रत्येकीच्या वाट्याला फार तर दहा मिनिटांचा खेळ. ज्या पाठीमागून पास देतात, तीन जणींना चुकवत आत घुसतात, त्यांना वाटतं आपण छाप पाडली. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. आम्ही बघतो की शॉट हवेत असताना तुम्ही बॉलकडे बघत उभ्या राहता, की वळून समोरचीला पाठीवर घेऊन बॉक्स आऊट करता. बॉल हातातून गेल्यावर कंबरेवर हात ठेवता, की लगेच मागे पळता. डिफेन्समध्ये बोलता का: "स्क्रीन लेफ्ट", "माझी", "हेल्प". अनोळखी मुलींच्या संघात अशी बोलणारी एक जरी असली तरी पाचही जणी बऱ्या खेळायला लागतात आणि तिचं नाव वहीत चढतं. फ्री थ्रोला जाताना श्वास लागलेला असतो, तशाच अवस्थेत ते बसतात का, हेही बघतो. म्हणून फ्री थ्रोचा सराव ताज्या अंगानं करू नका. लाइन ड्रिल पळा, लगेच रेषेवर या, दोन टाका, पुन्हा पळा. रोज पन्नास, आणि किती गेले ते तारखेसह वहीत.

थ्री-एक्स-थ्रीकडेही लक्ष ठेवा. अर्धं कोर्ट, तिघं आणि एक बदली, दहा मिनिटं किंवा २१ गुण. टोकियोपासून हा ऑलिंपिकचा खेळ आहे. फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या) संकेतस्थळावर खेळाडूनं स्वतःचं खातं काढायचं आणि मान्यताप्राप्त स्पर्धांतून वैयक्तिक गुण जमवायचे. पाच जणांच्या संघात ज्यांना जागा मिळत नाही अशा बुटक्या पण चपळ मुलांसाठी ही खरी संधी आहे.

६. कॉलेज

अकरावीला कॉलेज निवडताना कट-ऑफइतकंच संघाकडे बघा. क्रीडा कोट्यातून प्रवेश होतो, पण संघाला रोजची प्रॅक्टिस आहे का, हे आधीच्या खेळाडूंना विचारा. पदवीला विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धा, तिथून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. नोकरीच्या दृष्टीनं आंतरविद्यापीठचं पदक फार मोलाचं. एक वर्ष नापास झालात किंवा गॅप घेतलात तर पात्रता जाऊ शकते, म्हणून परीक्षा हलक्यात घेऊ नका. हजेरीचं पत्र स्पर्धेला निघण्याआधी द्या, आल्यावर नाही.

७. शरीर आणि औषधं

घोटा मुरगळला की बर्फ, पट्टी, पाय उंच, आणि पहिले दोन दिवस मालिश अजिबात नाही. आजी कितीही प्रेमानं तेल चोळायला आली तरी नाही. गुडघ्यात 'कट' असा आवाज येऊन लगेच सूज आली तर थेट ऑर्थोपेडिककडे. लिगामेंट फाटलं असेल तर त्यावर 'थोडं खेळून बघू' हा उपाय नाही. त्या तीन शब्दांनी मी एक अत्यंत गुणी पॉइंट गार्ड गमावली आहे.

डोपिंग म्हणजे मोठ्या खेळाडूंचं काम, असं समजू नका. खोकल्याच्या कितीतरी साध्या सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदी घातलेल्या यादीत आहे. सतनाम सिंगवरही दोन वर्षांची बंदी आली ती हिजेनामिन सापडल्यामुळे, आणि हा पदार्थ काही वनस्पतींत आणि सप्लिमेंटमध्ये असतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी खेळाडू आहे. नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) 'नो युवर मेडिसिन' अॅपवर औषधाचं नाव तपासा. जिमच्या ट्रेनरनं दिलेली डबीची पावडर घेऊ नका. दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे, भाकरी यांवर माझ्या मुली राज्याला खेळल्या आहेत.

८. नोकरी

इथे वय हा पहिला सापळा. रेल्वेच्या क्रीडा कोट्याला वयोमर्यादा १८ ते २५, आणि तिच्यात सवलत नसते. शिवाय फक्त मागच्या दोन-तीन वर्षांतली कामगिरी धरतात. सतराव्या वर्षीचं सुंदर प्रमाणपत्र चोविसाव्या वर्षी निरुपयोगी ठरतं. म्हणून पदवी झाल्यावर 'एक वर्ष अभ्यास करते, मग ट्रायल देते' असं करू नका. खेळणं आणि अर्ज बरोबरच चालू ठेवा. रेल्वेत १०० गुणांपैकी ५० कामगिरीला, ४० ट्रायलला आणि १० शिक्षणाला असतात. नुसतं 'नॅशनल खेळले' यानं भागत नाही, संघ कितवा आला ते विचारतात. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात लागतं: देशाकडून खेळल्यास फॉर्म १, राज्याकडून फॉर्म २, विद्यापीठाकडून फॉर्म ३, शाळेकडून फॉर्म ४. हे स्पर्धा झाल्या वर्षीच सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. पदाधिकारी बदलले की जुन्या स्पर्धेवर सही करायला कुणी तयार होत नाही.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी विभागीय उपसंचालक, क्रीडा यांच्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. जाहिरात यायची वाट बघू नका. जाहिरात आली की सगळे एकदम धावतात आणि अर्जाची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

९. परदेश आणि एजंट

अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती हवी असेल तर नववीपासूनचे गुण मोजले जातात. डिव्हिजन वनला (तिथल्या कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या स्तराला) ठरावीक विषयांचे १६ कोर्स पूर्ण लागतात, त्यामुळे अकरावीला विषय निवडतानाच ते बघा. सामन्यांचं चित्रीकरण पूर्ण ठेवा. फक्त बास्केट गेलेल्या शॉट्सची जोडफिल्म कुठलाही कोच मनावर घेत नाही. एखाद्या लीगचे पैसे घेण्याआधी या कॉलेजांचे त्या वर्षीचे पात्रतेचे नियम वाचा.

आणि हे नीट ऐका. "तुमच्या मुलाला युरोपात ट्रायल लावून देतो, आधी एवढे भरा" असं म्हणणारा माणूस आला की एक रुपयाही देऊ नका. एजंटकडे फिबाचा परवाना असावा लागतो आणि त्याचा मोबदला कराराच्या रकमेवर, दहा टक्क्यांच्या आत असतो. करार झाल्याशिवाय त्याला काही मिळायचं कारणच नाही. १८ वर्षं पूर्ण होण्याआधी परदेशी क्लबकडे बदलीला अपवाद सोडले तर परवानगी नसते, आणि त्यानंतरही आपल्या महासंघाचं ना हरकत पत्र लागतं. करारात वाद मिटवण्यासाठी फिबाच्या लवादाचं (बीएटी, २००७ पासून आहे) कलम आहे का ते बघा. पगार थकला तर परक्या देशातल्या कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा ते परवडतं. दुखापत झाल्यास उपचाराचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च कुणाचा, हेही लिहून घ्या.

१०. खेळणं थांबायच्या आधी

अठ्ठावीस-तिशीत, अजून संघात असतानाच, पंचाची परीक्षा द्या किंवा पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा करा. खात्याकडून रजा मिळते, आणि ती संघात असताना मागितली तर लवकर मिळते. मी अर्ज एकतिसाव्या वर्षी केला. माझ्या बरोबरच्या दोघींनी निवृत्तीनंतर केला, तेव्हा त्यांना स्वतःच्या रजा घालाव्या लागल्या. पंचांची तर जिल्ह्यात कायम चणचण असते: शालेय स्पर्धांच्या दिवसांत एकाच सकाळी चार कोर्टवर सामने असतात आणि शिट्टी वाजवणारे तीनच.